आखातात जाताना

आकुर्डी, निगडी, चिखली या पट्ट्यातून सध्या दोन प्रकारची मुले आखाताची वाट धरताना दिसतात. एक माझ्यासारखी, इंजिनिअरिंग करून हिंजवडीत चार-पाच वर्षे काढलेली. दुसरी, आयटीआय करून भोसरी-चाकणला कंत्राटदाराकडे राबणारी. वेल्डर, फिटर, एसी मेकॅनिक. पगारात दोघांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक, पण तोंडात वाक्य एकच: "यहाँ क्या रखा है?"

या वाक्याला हसून उडवून लावता येत नाही. भाड्याने घर बघायला गेल्यावर आडनाव ऐकून "आत्ताच दुसऱ्यांना दिलं" असे उत्तर मिळाले की पोरगा काय विचार करणार? आणि 'पर्मनंट' हा शब्द आपल्या अब्बांच्या पिढीबरोबरच गेला. बजाजने आकुर्डीतले उत्पादन 2007 मध्ये थांबवले, त्याच्या आधीपासूनच कंत्राटी भरती सगळीकडे सुरू झाली होती.

कोकणातल्या मुस्लिम कुटुंबांना ही वाट नवी नाही. दापोली, खेड, मंडणगड, श्रीवर्धनकडची कितीतरी घरे 1970 च्या दशकातल्या तेलाच्या तेजीपासून आखाताच्या पैशावर उभी राहिली. तिथल्या मुलाला घ्यायला विमानतळावर चाचा किंवा मामू येतो, पहिला महिना तो सांभाळून घेतो. आपल्या भागातली बहुतेक कुटुंबे मराठवाडा, सोलापूरकडून कारखान्यांच्या ओढीने आलेली. आपला तिथे मामू नाही, एजंट आहे. मी पाच वर्षे शारजात राहून दुबईत नोकरी केली आणि परत आलो. त्या मामूच्या जागी उभे राहून चार गोष्टी सांगतो.

आधी हवेचे बोलू, कारण ते कोणी सांगत नाही. "अरे, लातूरचा उन्हाळा काढलाय आपण" असे प्रत्येक जण म्हणतो. लातूरचे ऊन कोरडे असते, घाम वाळतो, अंग गार होते, रात्री गच्चीवर वारा येतो. दुबईत ऑगस्टमध्ये पारा चाळीस-बेचाळीसला असतो आणि समुद्राची दमट हवा त्यावर बसते. घाम वाळतच नाही. रात्री बारालाही तीस-एकतीस. एसीतून बाहेर पाऊल टाकले की चष्म्यावर वाफ धरते. गच्चीवरच्या टाक्या दिवसभर तापतात, त्यामुळे गार पाण्याच्या नळाला कढत पाणी येते. जुने रहिवासी उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात आणि त्यात साठलेले पाणी 'गार' म्हणून अंघोळीला घेतात. कुवेत आणखी वेगळे. तिथल्या मित्रिबा इथे जुलै 2016 मध्ये 53.9 अंश तापमान नोंदले गेले.

पण ही गरमी सगळ्यांना सारखी नसते, हे मला तिथे पहिल्याच उन्हाळ्यात दिसले. मी एसी घर, एसी मेट्रो, एसी ऑफिस असा फिरत होतो. आमच्या ऑफिसात लोक स्वेटर घालून बसायचे, आणि उन्हाच्या देशात राहून निम्म्या जणांना डॉक्टर व्हिटॅमिन डीच्या गोळ्या देत होते. काचेपलीकडे आपल्याच वयाची मुले मचाणावर होती. यूएईत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. कतारमध्ये 1 जूनपासून सकाळी दहा ते साडेतीन, कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट अकरा ते चार. वेल्डर भावांनी हे तास पाठ करावेत. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, तोवर पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळी अंगावर घेऊ नये. आणि महिनाभर सुट्टीवर घरी येऊन गेलात की ती सवय बरीचशी मोडते, पुन्हा पहिल्यापासून सुरू. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. लघवी गडद होऊ लागली की समजा पाणी कमी पडतेय. आखातातून परतलेल्या नेपाळी तरुण कामगारांमध्ये किडनी निकामी होण्याच्या घटना तिथल्या डॉक्टरांनी पाहिल्या आहेत. ही मुले पंचविशी-तिशीतली असतात.

रोजाचेही विचारतात. 2016 चा रमजान जूनमध्ये होता, जवळजवळ पंधरा तासांचा रोजा. रमजानमध्ये तिथे कायद्यानेच कामाचे तास दोनने कमी होतात, त्यामुळे ऑफिसवाल्याला जड जात नाही. एवढेच काय, 2024 च्या उन्हाळ्यात यूएईने जुम्म्याचा खुतबा दहा मिनिटांत आटोपण्याचे आदेश दिले, लोक बाहेर उन्हात नमाजला उभे असतात म्हणून. दीन आणि शहाणपण एकत्र नांदू शकतात, याचे ते मला चांगले उदाहरण वाटते.

आता गैरसमजाकडे येतो. "मुस्लिम मुल्क आहे, आपली माणसं आहेत." अजान सगळीकडे ऐकू येते, हलाल शोधावे लागत नाही, नाव सांगताना आवाज खाली जात नाही. हे सुख खरे आहे, मी ते पाच वर्षे घेतले. पण पगार ठरताना कोणी तुमचा कलमा विचारत नाही, पासपोर्टचा रंग बघतात. अरबीत आपल्याला 'हिंदी' म्हणतात, म्हणजे भारतीय. शेख असा वा कुलकर्णी, तिथे दोघेही हिंदी. एकाच कामाला ब्रिटिश पासपोर्टवाला जास्त घेतो आणि ते कोणी लपवतही नाही. खोली शोधताना भिंतीवर अमक्याच प्रांताचे, तमक्याच देशाचे लोक हवेत अशा चिठ्ठ्या मी शारजात वाचल्या आहेत. नागरिकत्वाची तर वाटच नाही. तीस वर्षे राहा, नोकरी गेली की व्हिसा गेला. गोल्डन व्हिसा 2019 पासून आहे, तो मोजक्यांसाठी.

म्हणून आखाताकडे मी करार म्हणून बघतो, आणि करार वाचायचा असतो. इंजिनिअर मित्रांनी एकूण आकड्याला भुलू नये, 'बेसिक' बघावे. यूएईत ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, पहिली पाच वर्षे दर वर्षाला एकवीस दिवसांची. पॅकेज 15,000 दिरहम आणि बेसिक 6,000 असेल तर वर्षाला 4,200 साठतात. त्याच पॅकेजमध्ये बेसिक 9,000 असेल तर 6,300. पाच वर्षांत 10,500 दिरहमचा फरक, आणि तो ऑफर लेटरवर सही करण्याआधी एका ईमेलने पडू शकतो.

आयटीआयवाल्यांची जोखीम मोठी आहे. दहावी नापास असाल तर पासपोर्टवर ईसीआर असतो आणि आखातात नोकरीला जाताना ई-मायग्रेट पोर्टलवरून मंजुरी लागते. त्यात कराराची नोंद होते, प्रवासी भारतीय बीमा योजनेचा दहा लाखांचा विमाही असतो. दहावी पास असाल तर ही मंजुरी लागत नाही. कागद कमी लागतात, पण संरक्षणही कमी मिळते. परवानाधारक एजंटला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. दीड लाख मागणारा माणूस कितीही पाच वक्ताचा नमाजी असो, त्याचा परवाना क्रमांक पोर्टलवर तपासा. "व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो" म्हणणाऱ्याकडून उठून या. त्या व्हिसावर काम करणे बेकायदा आहे, आणि पकडला जातो तो कामगार. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणेही यूएईत बेकायदा आहे. राहण्याची जागा कुठे, एका खोलीत किती माणसे, हे लाजून न विचारता राहू नका. 12 जून 2024 ला कुवेतच्या मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. 45 भारतीयांचे मृतदेह वायुदलाच्या विमानाने आणावे लागले.

मतदार यादीतले नाव हा आपल्या चळवळीचा नेहमीचा विषय, तो इथेही लागू होतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाला फॉर्म 6ए भरून आपल्या गावच्या यादीत नाव ठेवता येते. मत द्यायला मात्र स्वतः यावे लागते. सुट्टी ठरवताना निवडणुकीची तारीखही बघा.

आणि शेवटी ज्या मागे राहतात त्यांचे. अब्बांना डायलिसिसला नेणारी बहीण, शाळेची फी, घराचे हप्ते, सासूचे औषधपाणी सांभाळणारी बायको. आपल्याकडे पैसा बहुतेक वेळा भावाच्या नाहीतर अब्बांच्या खात्यात येतो आणि तिने प्रत्येक हजारासाठी हात पसरायचा असतो. एनआरई खात्यावर पत्नीला मँडेट देता येते. म्हणजे खाते तुमचे राहते आणि इथले खर्च ती सहीनिशी स्वतः करू शकते. एका फॉर्मचे काम आहे. विमानाचे तिकीट काढण्याआधी तिला घेऊन बँकेत जा, आणि नॉमिनीच्या रकान्यातही तिचेच नाव आहे का ते तिथेच उभे राहून वाचा.