कार्ड विचारता, अर्थिंग कधी विचारणार?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या येरवड्याच्या लक्ष्मीनगरातली दोन-चार पोरं हमखास माझ्या दारात येतात. कुणाबरोबर आई असते, कुणाबरोबर मामा. मागणी एकच, "काका, पोराला लाइटमध्ये लावून घ्या." मी शूटिंगला लाइट पुरवतो आणि ते लावणारी माणसं सांभाळतो. धंद्यात याला गॅफर म्हणतात. माझं उत्तर दर वर्षी तेच असतं आणि दर वर्षी ते कुणालाच रुचत नाही. आधी औंधच्या आयटीआयला जा, इलेक्ट्रिशियन नाहीतर वायरमन हो, परवाना काढ, मग ये.

आईला वाटतं, काका टाळतायत. पोरगं मात्र नेमकं विचारतं, "तुम्ही कुठं आयटीआय केलंय?" नाही केलं. आमच्या वेळी उस्तादाच्या हाताखाली राहूनच शिकायचं असे, आणि उस्ताद चांगला मिळणं हा नशिबाचा खेळ. मला मिळाला. ज्यांना मिळाला नाही, त्यांच्यातले बरेच धंदा सोडून गेले आणि एखाद-दुसरा हात भाजून घरी बसला. पोराचा जीव त्याला उस्ताद कोण भेटतो यावर अवलंबून असावा, हे मला मान्य नाही.

येरवडा म्हटलं की बाहेरच्यांना जेल आठवतं, नाहीतर मनोरुग्णालय. सिनेमा कुणाला आठवत नाही, फार तर गुंजन टॉकीजमुळं पडलेलं चौकाचं नाव. पण पुण्यात होणाऱ्या जाहिराती, मालिका, वेबसीरिज यांच्या लाइटच्या टेम्पोत बघा, आमच्या भागातली पोरं सापडतील. कारण साधं आहे. इथली पोरं लहानपणापासून मंडपवाल्याकडं जातात. गणपतीत माळा सोडायच्या, लग्नात हॅलोजन उभे करायचे, दहीहंडीला पारचे दिवे बांधायचे. शिडीवर चढायची भीती आधीच मोडलेली असते, रात्र जागायची सवय असते आणि शंभर फूट केबल खांद्यावर टाकून पळायची ताकद असते. तिथून शूटिंगला येणं म्हणजे एका टेम्पोतून उतरून दुसऱ्यात चढणं. मीही तसाच आलो.

गंमत म्हणा की दुर्दैव, या दोन टेम्पोंत एक फरक आहे आणि तो मंडपवाल्याच्या बाजूनं आहे. गणपती आले की महावितरण दर वर्षी मंडळांना बजावतं: अधिकृत तात्पुरती जोडणी घ्या, मांडणी परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या. सगळी मंडळं ऐकतात असं नाही, पण निदान कुणीतरी सांगतं. शूटिंगच्या युनिटला असं सांगणारा मला आजवर भेटलेला नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा नियम तर सगळ्यांनाच लागू आहेत. वीजमांडणीत भर घालायची, फेरबदल करायचा, तर परवाना असलेल्या ठेकेदारानं आणि परवाना असलेल्या हातांनीच. बंगल्याच्या मेन बोर्डातून लाइटसाठी लाइन काढणं हा फेरबदल नाही तर काय आहे?

असाच एक बंगला सांगतो. कोरेगाव पार्कातला, जुना, उंच छताचा. एका जाहिरातीचं शूटिंग होतं आणि जनरेटर व्हॅन खर्चात बसत नव्हती, म्हणून घरच्याच लाइनवर काम करायचं ठरलं. निर्मितीकडचा माणूस म्हणाला, "घर मोठं आहे, लोड घेईल." आमचे उस्ताद काही बोलले नाहीत. खिशातून टेस्टर काढून बोर्डाकडं गेले. पाच किलोवॉटचा टंगस्टन 230 व्होल्टवर जवळजवळ 22 अँपिअर ओढतो. आम्हाला असे दोन लावायचे होते, म्हणजे 44 झाले. वर मेकअपच्या खोलीत एसी, स्वयंपाकघरात चहाची शेगडी. मेन स्विच होता 40 चा. उस्तादांनी एवढं तोंडी जमवलं आणि एक पाच किलोवॉट परत टेम्पोत चढवायला लावला.

पण खरी गोष्ट पुढं होती. भाड्यानं आलेल्या एका लाइटच्या थ्री-पिनची अर्थिंगची पिन कुणीतरी कापून टाकली होती, दोन भोकांच्या सॉकेटात बसावी म्हणून. लाइट चालत होता, झकास चालत होता. उस्तादांनी टेस्टर लाइटच्या पत्र्याला लावला आणि टेस्टरमधला दिवा पेटला. आतली वायर झिजून पत्र्याला चिकटली होती. तो पत्रा दिवसभर कोण धरणार होतं? मी. सर्वांत नवा मीच होतो, म्हणून लाइट फिरवायचं, त्याच्या झडपा, म्हणजे बार्नडोअर, उघडझाप करायचं काम माझ्याकडं होतं, आणि बंगल्याची फरशी नुकतीच पुसलेली, ओली. उस्तादांनी केबल ओढून काढली, पिन नसलेला प्लग चाकूनं कापला आणि कापलेला तुकडा माझ्या हातात ठेवला. "हा जपून ठेव," एवढंच म्हणाले. लाइट पाठवणाऱ्या दुकानाला त्याचं काहीही वाटलं नाही. त्यांच्या बिलात प्लगचे पैसे मात्र आले.

हे शिकवायला दोन वर्षांचं आयटीआय कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी न्यूट्रलचं उदाहरण देतो. जनरेटरवरून थ्री-फेज लाइन आली, तीन फेजवर लाइट वाटले, आणि कुठंतरी न्यूट्रल ढिला होऊन सुटला. दिवे विझतील असं नवख्याला वाटतं. तसं होत नाही. ज्या फेजवर भार जास्त तिथले दिवे मंदावतात आणि ज्या फेजवर भार कमी तिथं 230 च्या जागी 400 च्या आसपास व्होल्ट चढू शकतात. त्याच फेजवर नेमका मॉनिटर असतो, लॅपटॉप चार्ज होत असतो, कुणीतरी प्लग हातात धरून उभा असतो. हे नुसतं बघून कळत नाही, कुणीतरी शिकवावं लागतं. एचएमआय दिवा पेटवताना क्षणभर काही हजार व्होल्टचा ठोका जातो, म्हणून पेटवण्याआधी ओरडून सांगायचं असतं. पोरं ओरडतात, कारण बाकीचे ओरडतात. का ते विचारलं तर गप्प.

हल्ली एक नवं पालुपद ऐकतो. आता सगळं एलईडी झालंय, लोडच नाही, मग करंटची एवढी काळजी कशाला? लोड कमी झाला हे खरं. जिथं पूर्वी दोन किलोवॉटचा दिवा लागायचा तिथं साडेचारशे वॉटचं पॅनेल भागवतं, मोबाइलवरून रंग बदलतं, हात भाजत नाहीत. पण माणूस मरायला 22 अँपिअर लागत नाहीत. घरात बसवायचा गळतीरोधक स्विच 30 मिलिअँपिअरला लाइन तोडतो, म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांपैकी तीन भागांना. त्याहून जास्त छातीतून गेलं तर धोका सुरू होतो, म्हणून तो आकडा ठरला. लाइट एलईडीचा असो की टंगस्टनचा, पावसाच्या सीनमध्ये पाण्यात पडलेली केबल दोन्हींची सारखीच. नोव्हेंबर 2024 मध्ये गोरेगावच्या चित्रनगरीत एका मालिकेच्या सेटवर कॅमेरा विभागातला सहायक विजेचा धक्का बसून गेला. तेव्हाही एलईडीचाच जमाना होता की.

वीज आली म्हणजे लाइटमन झाला असं मात्र नाही. त्याचं खरं शिक्षण सेटवरच होतं आणि त्याला मुकाट्यानं वर्षं द्यावी लागतात. हॅलोजनची नळी उघड्या बोटानं धरायची नाही, बोटाचं तेल काचेवर राहतं, तिथं उष्णता साचते आणि नळी फुटते. सी-स्टँडचा मोठा पाय वजनाच्या खाली यायला हवा, आणि आडवी दांडी अशा बाजूला काढायची की वजनानं नट सैल न होता आवळत जाईल. वाळूची पिशवी उंच पायावर ठेवायची, जमिनीवर टेकवायची नाही. लाइट पाच फुटांवरून दहा फुटांवर नेला की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. हे ज्याच्या डोळ्यात बसलं तो कॅमेरामननं तोंड उघडण्याआधी लाइट उचलतो. टंगस्टनचा उजेड 3200 केल्विन, दिवसाचा साधारण 5600. खिडकीतून ऊन येत असेल तर दिव्यावर निळा जिलेटिन कागद चढवायचा, नाहीतर नायिकेचा अर्धा चेहरा पिवळा. आणि पॅकअपनंतर केबल गुंडाळायची ती एक वेढा सुलट, एक उलट. कोपरावर पीळ देऊन गुंडाळली की आतली तार तुटते. नवा पोरगा कामाचा आहे का, हे मी केबल गुंडाळण्यावरून ओळखतो.

हे कौशल्य महाराष्ट्रात काल जन्मलं नाही. फाळक्यांनी 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला तेव्हा सूर्य हाच लाइट होता. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी 1923 च्या 'सिंहगड'साठी कृत्रिम दिवे वापरले, रात्रीचा भास आणायला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसांनी प्रभात फिल्म कंपनी काढली, ती 1933 मध्ये पुण्यात आली, आणि त्याच प्रभातच्या जागेवर 1960 मध्ये सिनेमा शिकवणारी आजची एफटीआयआय उभी राहिली. 'कागज के फूल'मध्ये छायालेखक व्ही. के. मूर्तींनी मोठे आरसे वापरून उन्हाचा झोत आत आणला, त्या झोतावर अजून लेख लिहिले जातात. मूर्तींना 2008 सालचा फाळके पुरस्कार मिळाला, मिळायलाच हवा होता. ते आरसे अंशाअंशानं फिरवून जागेवर बसवणारे कोण, हे कुठंच लिहिलेलं नाही. श्रेयनामावलीत आजही आम्ही 'लाइट्स' या एका शब्दाखाली, दुकानाच्या नावानं येतो.

आता कार्डाचं. मुंबईत काम करायचं तर युनियनचं कार्ड लागतं, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी युनियनच्या विरोधात नाही. पश्चिम भारतातल्या सिनेकामगारांचा महासंघ नसता तर बारा तासांच्या शिफ्टचे अठरा झाले असते आणि पैसे मागायला जायचं कुणाकडं, हाही प्रश्न होता. मालिकांमध्ये नव्वद दिवसांनी पैसे मिळायची पद्धत आहे, ती तरी कुणीतरी मोडून काढायलाच हवी. पण फक्त सभासदांनाच काम द्या ही सक्ती स्पर्धाविरोधी आहे, असं भारतीय स्पर्धा आयोगानं 2017 मध्येच सांगितलं, निर्माते विपुल शाह यांच्या तक्रारीवर. मला त्या निकालापेक्षा एक साधी गोष्ट जास्त खटकते. कार्ड देताना शुल्क विचारतात, ओळख विचारतात. थ्री-फेजचा भार कसा वाटायचा, अर्थिंग कसं तपासायचं, हे विचारून कार्ड दिल्याचं मी पाहिलेलं नाही. ज्याला हे येतं त्याला कार्ड सहज मिळावं आणि ज्याला येत नाही त्याला लाखभर मोजूनही मिळू नये, एवढंच माझं म्हणणं.

पुण्यात उलट आहे. इथं कार्ड फारसं कुणी विचारत नाही, म्हणून कुणालाही उभं केलं जातं. "पहिले सहा महिने फुकट ये, अनुभव मिळेल," असं सांगणारे भरपूर. अनुभव घेणाऱ्यानं जेवणाचा डबाही घरून आणायचा आणि रात्री दोनला पॅकअप झाल्यावर घरीही स्वतःच्या पैशानं जायचं. मेट्रो झाली, येरवड्याहून नळस्टॉपला थेट जाता येतं, पण रात्री दोनला मेट्रो नसते. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. सुरक्षाविषयक संहितेत दृक्-श्राव्य कामगारांसाठी लेखी कराराची तरतूद आहे, आणि 1981 चा जुना सिनेकामगार कायदा कथापटांपुरता होता तशी ती नाही. मालिका, वेबसीरिज यांचं कामही तिच्यात येतं. त्यामुळं फुकट यायला सांगणाऱ्याला पोरानं एकच सांगावं, करार द्या. काम जाईल. जाऊ द्या. असल्या माणसाची केबलही बहुधा तुटकीच असते.

मुलींचं कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. मुंबईत हेतल देढिया गॅफर म्हणून मोठमोठ्या चित्रपटांचं काम करतात. वडील मूलचंद देढिया याच धंद्यातले. आयटीआयला मुलींना बंदी नाही, टेस्टर बाई-पुरुष बघत नाही.

माझी मागणी दोन संस्थांकडं आहे आणि दोन्ही आमच्याच शहरात आहेत. एफटीआयआयकडं लाइट आहेत, स्टुडिओ आहे, छायालेखन शिकवणारी माणसं आहेत. औंधच्या आयटीआयकडं इलेक्ट्रिशियन घडवणारी कार्यशाळा आहे. मध्ये फक्त विद्यापीठाचा रस्ता आहे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन पास झालेल्या पोराला तीन महिने एफटीआयआयमध्ये लाइट हाताळायला शिकवा, शेवटी उस्ताद लोकांना बोलावून परीक्षा घ्या आणि उत्तीर्णाला असा दाखला द्या की मुंबईत महासंघानं तो मान्य करावा. महासंघानंही नवं कार्ड देताना तोच दाखला मागावा.

आणि वाचकांनो, तुमच्यापैकी कुणी बंगला, वाडा, सोसायटीचा हॉल शूटिंगला भाड्यानं देत असेल, तर भाड्याचा आकडा ठरवण्याआधी एक विचारा: आमच्या मेन बोर्डाला हात कोण लावणार, आणि त्याचा परवाना कुठं आहे? दाखवला नाही, तर किल्ली देऊ नका.