परदेशात जन्मलेलं बाळ आणि एका वर्षाची मुदत

आखाती देशात कामाला गेलेल्या भारतीय जोडप्याला तिथंच मूल झालं, तर ते आपोआप भारतीय, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. ३ डिसेंबर २००४ पासून अशा बाळाची नोंद वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करावी लागते. मुदत उलटली की केंद्र सरकारची परवानगी लागते. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असंही आईबापांनी लिहून द्यायचं.

अमेरिकेतल्या इंजिनिअरला ही अट फारशी बोचत नाही. त्याच्या मुलाला तिथलं नागरिकत्व आजवर जन्मानेच मिळत आलं आहे. आखाती देश परदेशी मजुराच्या मुलाला ते देत नाहीत. नोंद राहिली तर ते मूल कुठलंच नाही. कलम सगळ्यांना एकच, भार मात्र ज्याला दूतावास गाठायला सुट्टी मिळत नाही त्याच्यावर. आणि कागद आईबापांनी चुकवला तर शिक्षा लेकराला का?

बाबासाहेबांनी १० ऑगस्ट १९४९ रोजी संविधान सभेत नागरिकत्वाची कलमं मांडली, तेव्हा कायमचा कायदा संसदेवर सोपवला होता. १९५५ चा कायदा आला, तो वारसा फक्त बापाकडून देणारा! परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडून नागरिकत्व मिळायला १० डिसेंबर १९९२ उजाडावा लागला. सदतीस वर्षं. म्हणजे हा कायदा बदलतो, पण रेटा लावल्यावर.

तोवर वस्तीतलं कुणी तिकडे असेल, तर बाळाच्या जन्मदाखल्याबरोबर दूतावासातली नोंद झाली का, हे आजच फोनवर विचारा.