महाल, गिरणी आणि आपला मोहल्ला

नगर रस्त्यावरचा आगाखान महाल आपल्या मुलांना शाळेच्या सहलीमुळे माहीत असतो. ‘इथे गांधीजी कैदेत होते,’ एवढे ती सांगतात, आणि ते खरेच आहे. ९ ऑगस्ट १९४२ ला अटक झाली, सहाच दिवसांनी महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबांनीही याच वास्तूत डोळे मिटले. त्याआधीच्या पन्नास वर्षांबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

महाल १८९२ चा. तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचे. वडील १८८५ साली पुण्यातच वारले, तेव्हा मुलगा आठ वर्षांचाही नव्हता. पुढे बराच काळ कारभारावर आईची, लेडी अली शाह यांची नजर होती. (बायकांना हिशेबातले काय कळते, असे म्हणणाऱ्या भाईंनी हे जरा सावकाश वाचावे.) दुष्काळाने पोळलेल्या आसपासच्या गावकऱ्यांच्या हाताला काम मिळावे म्हणून हे बांधकाम काढले, असे सांगतात. धान्य फुकटही वाटता आले असते. पण दिवसभर दगड वाहून मजुरी घेऊन घरी जाणारा बाप मुलांसमोर मान वर करून बसतो. १९६९ मध्ये चौथे आगाखान प्रिन्स करीम यांनी महाल देशाला दिला. म्हणून त्याचे नाव आजही सगळ्यांच्या तोंडी आहे.

गिरणीचे नशीब वेगळे. स्टेशनाजवळची राजाबहादूर मोतीलाल मिल महालाच्याच काळातली. कापूस, कोळसा रेल्वेने यायचा, म्हणून जागा रुळांच्या शेजारची. पुणे काही मुंबईसारखे गिरणगाव नव्हे. तरी भोंग्यावर चालणारी घरे इथेही होतीच. आज त्या आवारात हॉटेले आहेत. जुन्या भिंती राहिल्या याचा आनंद आहे. पण तिथे जेवायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की इथे पाळ्या चालत होत्या? मालकाचे नाव फाटकावर राहिले. साच्यावर उभे राहणाऱ्याचे नाव कुठे आहे?

आपल्या समाजात हा प्रश्न घरचाच आहे. गंज पेठेतला मोमीनपुरा हे नावच विणकरांचे. १८५७ नंतर उत्तरेतून निघालेले मोमीन मालेगाव, भिवंडी, मुंबईच्या मदनपुऱ्यात स्थिरावले ते हातातल्या कसबावरच. आता पेठांतली, कॅम्पातली कुटुंबे मोठ्या घरासाठी कोंढव्याला चालली आहेत. जाणे चुकीचे नाही. दोन खोल्यांत तीन भावांचे संसार किती दिवस चालणार? लिफ्ट आहे, पार्किंग आहे, पोरांना अभ्यासाला खोली आहे. पण सामान आवरताना पहिली भंगारात जाते ती दादांची पत्र्याची पेटी.

तिच्यात काय असते? गिरणीची पगारचिठ्ठी, फंडाचा कागद, रेशनकार्ड, जुनी भाडेपावती, मागे नाव न लिहिलेला एखादा फोटो. पेटी गाडीत चढवण्याआधी नानीला शेजारी बसवा आणि फोटोतला माणूस कोण, कुठल्या खात्यात होता, कुठल्या गल्लीत राहायचा, हे पेन्सिलीने मागे लिहून घ्या. मराठीत लिहा, उर्दूत लिहा. तिला आठवते तोवर लिहा.