पंचांचा अधिकार आणि खेळाडूंची दाद

पंचही मनुष्यच असल्यामुळे त्याच्या हातून चूक होणे शक्य आहे, ही गोष्ट आम्हांस मान्य आहे. परंतु चूक झाली म्हणून पंचाच्या अंगावर हात टाकण्याचा अधिकार खेळाडूस प्राप्त होतो, ही गोष्ट सर्वस्वी अमान्य आहे. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत जे घडले, त्याचा विचार या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवूनच केला पाहिजे. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांस चितपट केल्याचा निर्णय झाला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असे राक्षे यांचे म्हणणे होते. पुढे त्यांनी पंचास लाथ मारली. त्याच दिवशी महेंद्र गायकवाड हेही निर्णयावर रुष्ट होऊन अंतिम कुस्ती सोडून गेले. दोघांस तीन वर्षांचे निलंबन जाहीर झाले.

मारहाणीस शासन झालेच पाहिजे. परंतु केवळ शासनाने हा रोग बरा होईल काय? ज्या न्यायालयात अपिलाची वाट नाही, तेथे पक्षकार दाराशी दंगा करतो, हा कायद्याच्या व्यवहारातील जुना अनुभव आहे. १९८१ साली मेलबर्न येथे पायचीत ठरविले गेल्यावर खुद्द सुनील गावसकर यांच्यासारख्या संयमी खेळाडूनेही जोडीदारास घेऊन मैदानाबाहेरची वाट धरली होती. संघाच्या व्यवस्थापकांनी सीमेवर अडविले म्हणून अनर्थ टळला, आणि तोच सामना भारताने ५९ धावांनी जिंकला! तेव्हा निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोयच नव्हती. २००८ साली भारत–श्रीलंका कसोटी मालिकेत फेरविचाराची पद्धत प्रथम अजमावली गेली. आंतरराष्ट्रीय कुस्तीतही गुणांच्या निर्णयास प्रशिक्षक आव्हान देऊ शकतो. ते फोल ठरल्यास प्रतिपक्षास एक गुण मिळतो. दाद मागण्याची मोकळीक आणि उगाच मागितल्यास किंमत, असा हा दुहेरी न्याय आहे.

फेरविचाराने पंचाचा मान जाईल, असे कोणी म्हणतील. वरिष्ठ न्यायालय आहे म्हणून कनिष्ठ न्यायाधीशाची अप्रतिष्ठा होते काय? उलट, आपला शब्द तपासून पाहण्यास जो भीत नाही, त्याच्या शब्दास वजन येते.

आमची सूचना अशी आहे. चितपटीसारखा कुस्ती संपविणारा निर्णय पुकारण्यापूर्वी पंचांनी एकमेकांचे मत घ्यावे आणि शंका असल्यास चित्रण पाहावे. तक्रार एकानेच, ठरलेल्या रीतीने करावी. २०२४ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत निर्णयाविषयी पंचाकडे जाण्याची मुभा केवळ कर्णधारास होती, हा कित्ता गिरविण्याजोगा आहे. पंचाने कारण एका वाक्यात सांगावे, वाद घालू नये, आवाज चढवू नये. आणि मर्यादा प्रथम ओलांडली जाईल तेव्हाच, नामवंत व नवखा असा भेद न करता, ताकीद द्यावी. पहिल्या उद्दामपणाकडे कानाडोळा करणारा पंच दुसऱ्यास आमंत्रणच देतो. शेवटी, पंचांच्या कामगिरीचीही नियमित तपासणी व्हावी आणि तिचा निकाल जाहीर व्हावा.

शिस्त ही एकट्या मल्लाकडून वसूल करण्याची खंडणी नव्हे. आखाड्याचे चालक प्रथम न्यायाची वाट मोकळी करतील, तरच ती वाट सोडून जाणाऱ्यास कठोर शासन करण्याचा नैतिक अधिकार त्यांस राहील.