थोरल्या मुलांना घर हवंय, वसईकरांनो

दत्तकासाठी नाव नोंदवणारी बहुतेक जोडपी तान्हं बाळ मागतात. त्यात गैर काही नाही. पण देशभरात तीस हजारांहून अधिक पालक रांगेत असताना बालगृहातलं आठ-नऊ वर्षांचं मूल, एकमेकांना न सोडणारी भावंडं, औषधावर असलेली पोर यांना मात्र कुणी विचारत नाही.

शिवाय कित्येकांना दत्तक देताच येत नाही. आई किंवा बाप हयात असतो, पण तुरुंगात, दुखण्यात किंवा दारूत अडकलेला. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याहून वीटभट्ट्यांवर पोट भरायला कुटुंबं येतात, त्या आपल्या जिल्ह्यात अशी कोवळी मुलं उघड्यावर पडायला वेळ लागत नाही. त्यांच्यासाठी २०१५च्या बाल न्याय कायद्यात, कलम ४४मध्ये, प्रतिपालकत्वाची सोय आहे: मूल तुमच्या घरी राहील, शिकेल, आणि जन्मदात्यांशी नातं तुटणार नाही. आईबाप पुन्हा सावरले, तर मूल त्यांच्याकडे परतही जाईल. ही सोय कागदावर सुकून जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

जुळवणी कशी होते, ते नीट समजून घ्या. आधी मुलाची गरज पाहतात, मग घर शोधतात. सामाजिक कार्यकर्ते घरी येतात. कमाई, तब्येत, घरातल्या इतर मुलांचं मत, सगळं विचारतात. भावंडं शक्यतो एकाच घरी जातात. मूल वारली बोलत असेल, तर ती बोली ज्यांच्या कानाला परकी नाही असं घर सापडणं किती मोलाचं! वाडवळी, सामवेदी, आगरी बोलत वाढलेल्या वसईच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. अखेरचा आदेश बालकल्याण समिती देते, आणि मूल कसं आहे हे पाहायला दर महिन्याला पाहणी व्हावी असं कायदा सांगतो. या पाहणीचा राग मानू नका. ती मुलाची ढाल आहे.

२०२४च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी दार आणखी उघडलं. ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही आता प्रतिपालक होता येतं. दत्तकास मोकळं असलेलं मूल दोन वर्षं घरी नांदलं, तर त्याला दत्तक घेण्याची वाटही खुली होते. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती.

दार उघडलं, पण आत जायला माणसं हवीत. नालासोपाऱ्याच्या छोट्या घरातल्यांनी कमीपणा मानू नये, आणि निर्मळ-आगाशीच्या वाड्यांतल्यांनी जागा रिकामी ठेवू नये. मुलं मोठी होऊन बाहेरगावी गेली आहेत, सकाळ-संध्याकाळ घरी कुणीतरी असतं, अशा प्रत्येक जोडप्याने याच महिन्यात पालघरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे चौकशी करावी. चर्चमध्ये, देवळाच्या मंडळात, सोसायटीच्या सभेत हा विषय काढा. आपल्या घरातल्या मुलांनाही विचारा. होकार त्यांचाही लागेल.