पायवाटेआधी उंबरठा



उपवासकाळ जवळ आला की आम्हा स्वयंसेवकांच्या बैठकीत एक विषय निघतोच: यंदा खंडव्यापर्यंत पायी जायचे का? बऱ्हाणपूरहून पहाटे निघायचे, वीसेक किलोमीटरवर असीरगडाच्या पायथ्याशी पहिला मुक्काम करायचा, मग सातपुड्याच्या रानातून पुढे. एकूण सत्तरेक किलोमीटर, तीन दिवस. चालता चालता मन हलके होते आणि प्रार्थना आपोआप ओठांवर येते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

गेल्या वर्षी मात्र परतल्यावर आमच्यातल्या एकाच्या पत्नीने आम्हाला गप्प केले. तो पॉवरलूमवर कामाला आहे. माग चालला तरच मजुरी. तीन दिवसांचे पैसे बुडाले. त्यातच सासूबाईंना ताप आला. धाकट्याला कडेवर घेऊन तिनेच त्यांना दवाखान्यात नेले. ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही देवासाठी चाललात. मग मी कोणासाठी धावत होते?”

आम्हाला उत्तर सुचले नाही.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू ‘कुर्बान’विषयी बोलतो. आईवडिलांना जे द्यायचे ते देवाला अर्पण केले आहे, असे सांगून हात झटकणाऱ्यांना तो खडसावतो. आमच्या पदयात्रेचेही तसेच झाले नाही ना? घराच्या हक्काचा वेळ आम्ही देवाच्या नावावर लिहिला आणि घरच्यांना विचारलेसुद्धा नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे नवे नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भक्ती आणि भटकंती आपण कौतुकाने सांगतो. पण लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दुसरी बाजू दिसते. अचानक घर सोडून निघून जाणाऱ्या नवऱ्यामागे राहिलेल्या बाईचे दिवस कसे जात, हे त्यांनी हसत हसत लिहिले आहे. त्या हसण्यामागचा शीण आपण ओळखायला हवा.

मग चालणे सोडायचे का? आमचे मत तसे नाही. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभ्या असणाऱ्या माणसाला मोकळी वाट हवीच. योहानाच्या मृत्यूची बातमी ऐकून येशूही एकांतात जायला निघाला होता. लोकसमुदाय पाठोपाठ आला, तेव्हा त्याने त्यांना हाकलले नाही. आजाऱ्यांना बरे केले, भुकेल्यांना जेवू घातले, त्यांना निरोप दिला आणि मगच तो प्रार्थनेसाठी एकटा डोंगरावर गेला. डोंगर चुकला नाही, थोडा लांबला.

शेजारच्या मुक्ताईनगरहून दरवर्षी मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला जाते. वारीचे दिवस आणि पेरणीचे दिवस जवळजवळचे. घरातले कोणीतरी शेत सांभाळते, तेव्हाच दुसऱ्याला निर्धास्त चालता येते. चालणाऱ्याच्या पुण्यात मागे राहिलेल्याचाही वाटा असतो.

म्हणून यंदा आम्ही असे ठरवले आहे. तारीख आधी घरात विचारायची, मग बैठकीत सांगायची. बुडणाऱ्या मजुरीची तजवीज आधी करायची. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांच्याकडे न जाणाऱ्या स्वयंसेवकांनी रोज एक फेरी मारायची. एक रविवार मिस्सानंतर मुलाबाळांसह असीरगडाला जायचे आणि संध्याकाळी बसने परतायचे. आणि ज्या बहिणी दरवर्षी मागे राहतात त्यांना चालायचे असेल, तर त्या दिवसांत चूल पुरुषांनी सांभाळायची.

यामुळे कदाचित यंदा खंडव्याला चौघेच जातील. जाऊ देत. पण निघताना दारात उभे राहून घरच्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, इतके मोकळे मन मागे ठेवून ते निघतील. ज्या वाटेला घराचा आशीर्वाद आहे, त्या वाटेवर प्रभू सोबत चालतो, असा आमचा विश्वास आहे.

बंधूंनो, यंदा बूट बांधण्याआधी घरात एकदा विचारा. आणि उत्तर ‘नको’ आले, तर त्या तीन दिवसांची सेवा घरातच करा. तीही प्रभूकडेच पोहोचते.