दुकानाचा उंबरठा : अट आणि बहिष्कार

#थ्रेड

१/ मुखपट्टी न लावलेल्या ग्राहकाला दुकानदार दारातूनच परत पाठवू शकतो काय? करोनाच्या साथीत या प्रश्नावरून जगभर भांडणे झाली, खटले चालले, माणसांचे जीवही गेले. साथ ओसरली, पण प्रश्न मिटला नाही. पुढच्या साथीत तो त्याच दारात पुन्हा उभा राहील. त्याआधी त्यामागचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

२/ या वादात दोन घोषणा सतत ऐकू आल्या. ग्राहकाची घोषणा : ‘दुकान सर्वांसाठी खुले आहे, मला अडवणे हा भेदभाव आहे.’ दुकानदाराची घोषणा : ‘दुकान माझे, मर्जी माझी.’ दोन्ही चुकीच्या आहेत, आणि त्या का चुकीच्या आहेत हे गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

३/ आधी दुकानदाराची घोषणा. यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या संसदेने १८७५ साली कायदा केला : पांथशाळा, सार्वजनिक वाहने आणि नाट्यगृहे यांत कृष्णवर्णीयांनाही समान प्रवेश मिळाला पाहिजे. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी तो रद्दबातल ठरवला. खासगी मालकाने केलेल्या भेदभावाला आवर घालणे संसदेच्या अधिकारात बसत नाही, असे बहुमताचे म्हणणे होते.

४/ विरोधात मत देणारे एकमेव न्यायमूर्ती होते जॉन मार्शल हार्लन. केंटकीतील गुलाम बाळगणाऱ्या घराण्यात त्यांचा जन्म झाला होता. जो व्यवसाय साऱ्या जनतेसाठी दार उघडून बसतो तो निव्वळ खासगी राहत नाही, त्याच्यावर सार्वजनिक कर्तव्य येते, अशी त्यांची भूमिका होती. १८९६ मध्ये रेल्वेच्या डब्यांतील वर्णभेद न्यायालयाने वैध ठरवला, तेव्हाही विरोधात ते एकटेच होते.

५/ ही भूमिका कायद्यात उतरण्यास १९६४ साल उजाडावे लागले. फेब्रुवारी १९६० मध्ये ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातील खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. त्याच दुकानात त्यांना वस्तू विकत घेता येत होत्या, पण बसून खाण्याची मुभा फक्त गोऱ्यांना होती. हे आंदोलन दक्षिणेत सर्वत्र पसरले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ‘मर्जी माझी’ या दाव्याला पूर्णविराम दिला.

६/ आता ग्राहकाची घोषणा. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत टाळेबंदीविरोधी निदर्शकांची तुलना थेट रोझा पार्क्स यांच्याशी करण्यात आली. मुखपट्टीच्या विरोधकांनीही नागरी हक्कांची हीच भाषा उसनी घेतली. अशी तुलना करणाऱ्यांनी हार्लन यांचाच पुढचा निकाल वाचायला हवा होता.

७/ १९०२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे देवीची साथ होती. हेनिंग जेकबसन या धर्मोपदेशकाने लस नाकारली. त्याला ५ डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०५ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी तो हरला. स्वातंत्र्य म्हणजे इतरांना अपाय होत असतानाही वाटेल तसे वागण्याची मोकळीक नव्हे, हा या निकालाचा गाभा. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती : जॉन मार्शल हार्लन.

८/ वर्णभेदाविरुद्ध एकाकी उभा राहिलेला न्यायाधीशच साथीच्या काळातील बंधनाला मान्यता देतो, यात विसंगती नाही. कातडीचा रंग कोणालाही अपाय करीत नाही आणि तो बदलताही येत नाही. संसर्ग अपाय करतो, आणि तो टाळण्यासाठीचे वर्तन माणसाच्या हातात असते. हार्लन यांना हा भेद कळत होता. १२० वर्षांनंतरही तो अनेकांना कळलेला नाही.

९/ या तत्त्वाचा गैरवापरही झाला, हे लपवण्याचे कारण नाही. १९२७ मध्ये याच निकालाचा दाखला देऊन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. सार्वजनिक हित हा शब्द उच्चारला की सारे क्षम्य होते, असे नाही. म्हणूनच अट कोणती, किती आणि कोठवर, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते.

१०/ १९१८ चा इन्फ्लुएंझा पाहा. सिॲटलमध्ये मुखपट्टीशिवाय आलेल्या प्रवाशाला ट्रामचा वाहक चढू देत नाही, असे त्या काळचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. सॅन फ्रान्सिस्कोत ऑक्टोबरमध्ये मुखपट्टी सक्तीची झाली. तेथे एका औषधाच्या दुकानासमोर आरोग्य निरीक्षकाने मुखपट्टी नाकारणाऱ्या लोहारावर गोळ्या झाडल्या. त्यात बघेही जखमी झाले.

११/ जानेवारी १९१९ मध्ये त्या शहरात सक्ती पुन्हा आली, तेव्हा मुखपट्टीविरोधी संघटना उभी राहिली आणि तिच्या सभेला हजारो लोक जमले. १ फेब्रुवारीला सक्ती उठली. ट्रामच्या वाहकाने दारातून परत पाठवणे आणि निरीक्षकाने गोळी घालणे या दोन्ही गोष्टी मुखपट्टीसाठीच झाल्या. पहिली अट होती, दुसरी हिंसा. पहिलीला विरोध करण्यासाठी दुसरीचा दाखला देता येत नाही.

१२/ दुकानाच्या उंबरठ्याचा अर्थ महाराष्ट्राला कोणी बाहेरून शिकवण्याची गरज नाही. अस्पृश्य मानलेल्या ग्राहकाने दुकानाची पायरी चढायची नाही, पैसे जमिनीवर ठेवायचे, त्यावर पाणी शिंपडून मग ते उचलले जायचे, आणि जिन्नस दुरून हातावर टाकला जायचा. या ग्राहकाने काय केले असते म्हणजे त्याला आत घेतले असते? काहीही नाही. बहिष्कार तो हाच.

१३/ १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे ठरले. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याल्याबद्दल सत्याग्रहींना मार खावा लागला. त्या तळ्याचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघण्यास १९३७ साल उजाडले.

१४/ राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये ‘दुकाने’ हा शब्द आला तो या अनुभवातून. केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश नाकारता येत नाही. यादीतील प्रत्येक शब्द माणूस कोण आहे हे सांगतो. तो काय करतो याचा त्या यादीत उल्लेख नाही.

१५/ नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ‘दुकान’ या शब्दाच्या व्याप्तीवर प्रश्न आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले की, हा शब्द केवळ आत शिरण्याच्या मर्यादित अर्थाने वापरलेला नाही; सेवेच्या अटी मान्य असतील तर सेवा मागता येणे, असा त्याचा व्यापक अर्थ आहे. हक्क आणि अट या दोन्हींना त्यांच्या विवेचनात जागा आहे.

१६/ यातून तीन प्रश्नांची कसोटी तयार होते. अट माणसाच्या वर्तनाला आहे की जन्माला? ती सर्वांना सारखी आहे काय? ती दारात उभ्या उभ्या पूर्ण करता येते आणि कारण संपताच संपते काय? मुखपट्टी तिन्ही प्रश्नांत उतरते. दुकानदार ती देऊ शकतो, ग्राहक ती क्षणात लावू शकतो, बाहेर पडताच काढू शकतो.

१७/ खरा भेदभाव त्याच साथीत घडला, आणि त्याकडे या घोषणा देणाऱ्यांचे लक्ष गेले नाही. मार्च २०२० मध्ये म्हैसूर येथे नागालँडच्या विद्यार्थ्यांना एका सुपरमार्केटमध्ये प्रवेश नाकारला गेला. त्यांनी आधार कार्ड दाखवले, तरी उपयोग झाला नाही. त्यांच्याकडून अट मोडली नव्हती, त्यांचा चेहरा नको होता. पुढे पोलिसांनी गुन्हा नोंदवला, आणि ते योग्यच झाले.

१८/ महाराष्ट्रात तर परत पाठवणे हे दुकानदाराचे कर्तव्यच झाले होते. २७ नोव्हेंबर २०२१ च्या शासकीय आदेशात नियम मोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये दंड होता. असा ग्राहक ज्या आस्थापनेत आढळेल तिला मात्र १०,००० रुपये. ‘त्याने मला का अडवले?’ असे विचारणाऱ्या ग्राहकाने दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

१९/ त्याच आदेशाने दुकानात येण्यासाठी दोन्ही मात्रांची अटही घातली होती. ही अट मुखपट्टीइतकी साधी नाही. लस शरीरात जाते, आणि दारात उभे राहून ती घेता येत नाही. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लस न घेतलेल्यांवरील निर्बंध तेव्हाच्या आकडेवारीवर प्रमाणबद्ध ठरत नाहीत असे म्हटले. साथीतील योग्य वर्तनाच्या इतर सूचनांना मात्र हे लागू नाही, हेही तेथेच स्पष्ट केले.

२०/ साथीचा कायदा आठवला की पुण्याचे १८९७ साल आठवते. त्याच वर्षीच्या कायद्याच्या आधारे प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर घरांत, देवघरांत शिरले. तो संताप रास्त होता. पण तेथे सत्ता नागरिकाचा उंबरठा ओलांडत होती. येथे नागरिक दुसऱ्याच्या उंबरठ्यावर उभा आहे, आणि आत इतर माणसे आहेत.

२१/ काहींना आजारामुळे वा अपंगत्वामुळे मुखपट्टी लावता येत नाही. इंग्लंडमध्ये जुलै २०२० पासून दुकानांत ती सक्तीची होती, तरी अशा व्यक्तींना सूट होती, आणि त्यासाठी लेखी पुरावा मागायचा नव्हता. प्रवेश नाकारणे म्हणजे माल नाकारणे नव्हे. पायरीवर येऊन पिशवी हातात देणे, घरपोच पाठवणे, हे किराणा दुकानदाराला नवे नाही. ते न करता हाकलून देणारा दुकानदार अट पाळत नाही, मग्रुरी करतो.

२२/ शेवटी दारात उभ्या असलेल्या माणसाविषयी. मे २०२० मध्ये मिशिगनमधील फ्लिंट येथे मुखपट्टीचा नियम सांगणाऱ्या दुकानाच्या सुरक्षारक्षकाला गोळी घालून ठार करण्यात आले. सप्टेंबर २०२१ मध्ये जर्मनीतील इडार-ओबरश्टाईन येथे पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या २० वर्षांच्या विद्यार्थ्याचाही असाच खून झाला. नियम त्यांनी केलेला नव्हता. ते तुटपुंज्या पगारावर तो सांगत होते.

२३/ सबब, उत्तर असे : साथीच्या काळात दुकानदार मुखपट्टी न लावणाऱ्याला आत येण्यापासून रोखू शकतो. अट सर्वांना सारखी असावी, ज्याला शक्य नाही त्याची सोय व्हावी आणि साथीबरोबर ती संपावी, एवढे मात्र त्याने पाळलेच पाहिजे. आणि जो ग्राहक या अटीला अस्पृश्यता वा वर्णभेद म्हणतो, त्याने ज्यांना खरोखर पायरी चढू दिली गेली नाही, त्यांचे दुःख फुकट वापरू नये.